कोण पाहून राहिलं?

विशाखाताई मेश्रामला गाडी चालवता येत नव्हती, गोल पोळी लाटता येत नव्हती आणि मीटिंगमध्ये गप्प बसता येत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींचा भार माझ्यावर पडला, तिसरीचा आमच्या कंपनीवर.

मेलबर्नमध्ये क्लेटनला तिचं छोटंसं विटांचं घर होतं आणि परसातल्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. युनिव्हर्सिटी संपवून मी गोदामात शिफ्ट करत होतो, तेव्हा तिनेच मला तिच्या कंपनीत चिकटवलं. त्यामुळे ती माझी घरमालकीणही होती आणि ऑफिसातली सिनियरही. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हणालो, तर तिने वळून मागे पाहिलं. "माझ्यामागं कोणी उभं आहे का बे? मग 'तुम्ही' कोणाले म्हणून राहिला?" ती नागपूरची, मी पुण्याचा. पुणेकर माणूस "चहा घेणार का?" असं विचारतो तेव्हा समोरच्याने नाहीच म्हणावं अशी त्याच्या आवाजात सोय केलेली असते, असं तिचं मत होतं. ते मी कधी खोडून काढू शकलो नाही, कारण तिच्याकडे चहा न विचारताच समोर यायचा, आणि त्यात साखर एवढी की नाही म्हणायला तोंड उघडायचंच नाही.

आमची कंपनी लहान. मधुमेह, फिट्स, आतड्याचे आजार, सिकलसेल अशी आयुष्यभर सोबत राहणारी दुखणी ज्यांना आहेत अशा टीनएजर मुलांसाठी आम्ही एक ॲप बनवत होतो. गोळ्यांची आठवण, आज किती दुखतंय त्याची नोंद, नर्सशी चॅट, आणि मनात येईल ते लिहायला डायरी. यातलं कुणाला काय दिसेल ते ठरवणं विशाखाताईचं काम. प्रायव्हसी सेटिंग्ज म्हणजे आपण सगळे न वाचता ज्यावर 'ओके' दाबतो ते पान. तिने त्या पानाशी संसार मांडला होता.

कुठलीही नवी स्क्रीन समोर आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "हे कोण पाहून राहिलं?" आमच्या डायरेक्टरसमोर, म्हणजे ग्रॅहमसमोर, ती तो इंग्रजीत विचारायची, पण आधी मराठीत पुटपुटल्याशिवाय तिला इंग्रजी सुचत नसे. कुणी "द यूजर" असं उत्तर दिलं की ती चष्मा डोक्यावर सरकवायची आणि घर मांडायला घ्यायची. म्हणजे टेबलावरचे कॉफीचे मग गोळा करायचे आणि एकेक ठेवत जायचं. ही मुलगी. ही आई. हा धाकटा भाऊ, याला पासकोड माहीत आहे. ही आजी, इंडियाहून आली आहे, पुढच्या समरपर्यंत राहणार. हा मोठा मग म्हणजे बाबा, हे नाइट शिफ्ट करून दुपारी झोपले आहेत. सगळं घर मांडून झालं की ती कंबरेवर हात ठेवून विचारायची, "आता मला सांगा, चार्जर कुठे आहे?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा आमच्यातल्या कुणालाच काही कळलं नव्हतं. क्लोई नावाची एक तरुण डिझायनर होती. तिने गोळ्यांच्या आठवणीची स्क्रीन फार सुंदर केली होती. फोनवर मुलीचं नाव, औषधाचं नाव आणि एक हसरी गोळी. विशाखाताईने आपला फोन मगांच्या मधोमध उताणा ठेवला. "चार्जर किचनमध्ये आहे. फोन ओट्यावर. मुलगी आंघोळीला. आजीने वाचलं. आता ते नागपूरला पोचलं." क्लोई आधी हसली, मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. त्या दिवसापासून आठवणीचे शब्द मुलांनी स्वतः लिहायचे असं ठरलं. ट्रायलमधल्या एका मुलीने लिहिलं, 'माशांना खायला घाल.' एकाने लिहिलं, 'यू आर लेट, मेट.' विशाखाताई ते वाचून दिवसभर खूश होती.

मग कोव्हिड आला आणि सगळी घरं बंद झाली. ज्या मुलांना निदान डॉक्टरांच्या खोलीत दहा मिनिटं एकटं बसायला मिळायचं, त्यांची तपासणी आता डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपवर होऊ लागली. डॉक्टरांनी "हाऊ आर यू?" विचारलं की उत्तर आई द्यायची. विशाखाताईने हे तपासायला मला कामाला लावलं. तिच्या किचनमध्ये मी पंधरा वर्षांचा मुलगा, ती माझी आई. ओढणी खोचून, लाटणं घेऊन, माझ्या पाठीमागे पोळ्यांच्या नावाखाली कुठल्यातरी खंडांचे नकाशे लाटत. स्क्रीनवर क्लोई नर्स झालेली. तिने विचारलं, "गोळ्या चुकतात का?" पटकथेप्रमाणे मी "हो" म्हणायचं होतं. मागे लाटणं थांबलं. आणि मी, तिशीतला माणूस, "नो, नेव्हर" म्हणालो. विशाखाताई एवढी हसली की पोळी करपली. पण त्यातून एक गोष्ट तयार झाली. मुलाने चॅटमध्ये स्वतःच्या फोटोवर बोट टेकवलं की नर्सच्या बाजूला कळायचं, जवळ कुणीतरी आहे. घरातल्या कुणालाही पत्ता लागायचा नाही.

ग्रॅहमशी तिचं खरं भांडण झालं ते आईवडिलांना काय दिसावं यावरून. ग्रॅहम मनाचा चांगला, दोन मुलींचा बाप. त्याचं म्हणणं, पालकांना सगळं दिसू दे, मुलांना नको असेल तर मुलं बंद करतील. तिचं म्हणणं बरोबर उलटं. सगळं बंद असू दे, मूल ज्याच्यासाठी उघडेल त्यालाच दिसेल, आणि वाटलं तर पुन्हा बंद करेल.

"ग्रॅहम," ती म्हणाली, "तू काल किती बिअर प्यालास आणि किती वाजता झोपलास, हे तुझ्या आईला रोज दिसावं का?"

"माय मम वुड लव्ह दॅट," ग्रॅहम म्हणाला.

"आय नो. दॅट्स द प्रॉब्लेम."

ती जिंकली. जिंकल्यावर तिने मला फोस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेली जिलेबी दिली, आणि चुलीवरची नाही म्हणून तिला नावंही ठेवली.

आता अन्वीबद्दल सांगायला हवं. अन्वी म्हणजे वैशाली आणि नितीन यांची मुलगी, पंधरा वर्षांची. कुटुंब नागपूरचं. चांगल्या शाळेसाठी ग्लेन वेव्हर्लीला परवडत नाही असं घर भाड्याने घेतलेलं, नितीन डँडेनॉन्गच्या एका फॅक्टरीत शिफ्ट करायचा. अन्वीला सिकलसेल. आमच्या विदर्भातल्या लोकांना हे दुखणं सांगावं लागत नाही असं विशाखाताई म्हणायची. इतरांसाठी सांगायचं तर रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, वाटेत अडकतात आणि अंग असह्य दुखतं. कधी कधी ते जिवावर बेततं. दुखणं वाढतंय हे लवकर कळलं तर बरंच काही करता येतं, म्हणून ते लपवणं सगळ्यात वाईट. अन्वीने शाळेत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गैरहजेरीसाठी तिच्याकडे नेटबॉलमध्ये मुरगळलेल्या पायांचा मोठा साठा होता. विशाखाताई तिची लहानपणापासूनची मावशी, आणि आमच्या ॲपच्या ट्रायलमध्ये अन्वीही होती.

त्या हिवाळ्यातल्या लॉकडाउनमध्ये अन्वी ॲडमिट झाली. हॉस्पिटलमध्ये एकाच पालकाला सोडत होते, म्हणून वैशाली तिच्याजवळ. नितीन कामावर. धाकटा भाऊ घरी, दोन मिनिटांच्या नूडल्सवर. हे कळल्याबरोबर विशाखाताईने विहारात येणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. मीही त्या ग्रुपमध्ये होतो, जेवणापुरता. "जयभीम मंडळी. आपल्या नितीनभाऊंची अन्वी सिकलसेलच्या दुखण्यानं ॲडमिट आहे. वैशाली तिच्याजवळ आहे. डब्याची पाळी लावू या. कोण कोणत्या दिवशी देईल?"

आपल्या माणसांत आजारपणाची बातमी आणि डबा एकदमच निघतात. बातमीशिवाय डबा पाठवायचा असतो हे कुणाला सुचतच नाही. डबे आले, आणि कसे आले! दारात ठेवून, बेल वाजवून, मास्क लावलेली माणसं फुटपाथवरून हात हलवून जात होती. वरण, भात, वांग्याची भाजी, झुणका, कुणी तर आईने पार्सलने पाठवलेल्या सांडग्यांची भाजी. नितीनने फोन केला, "ताई, आता पुरे करा, फ्रीजचं दार लागत नाही." विशाखाताई कृतकृत्य.

ग्रुपमधल्या एका घरातला मुलगा अन्वीच्याच वर्गात होता. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्याने वर्गाच्या चॅटवर आजाराच्या नावासकट 'गेट वेल सून अन्वी' लिहिलं. खाली हार्ट्स, फुलं, आणि एकाचा प्रश्न, हे पसरतं का. कोव्हिडचे दिवस होते. ते सगळं अन्वीच्या फोनवर, ती सलाइन लावून पडलेली असताना, एकामागून एक येत राहिलं.

विशाखाताईला अन्वीचा एकच मेसेज आला. 'इट वॉजन्ट युवर्स टू टेल, मावशी.'

मी तिच्या किचनमध्ये गेलो तेव्हा ती फरशीवर बसली होती, ओव्हनला पाठ टेकवून. फोन तिने माझ्यापुढे धरला. "आपण ॲपले कुलूप लावलं," ती म्हणाली, "अन् मी माझं तोंड उघडं ठेवलं." मी तिला ग्रुपवर माफी मागायला सुचवलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी अजून विसरलो नाही. "म्हणजे पुन्हा एकदा सगळ्यायले सांगू?"

अन्वी घरी आली आणि तिने ॲपमधलं सगळं बंद केलं. आईला दिसणारं बंद, नर्सला दिसणारं बंद. जे बंद करता येईल ते सारं. तो हक्क तिला विशाखाताईनेच भांडून मिळवून दिला होता.

वैशालीचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. ताईने तो स्पीकरवर घेतला. "ताई, पोट्टी काही सांगतच नाही. दुखत असलं तरी हसते अन् रूमचं दार लावून घेते. पुढच्या वेळी उशीर झाला तर मी काय करू? तुमच्या हातात आहे ना ते बटण? माझ्यापुरतं चालू करून द्या. तिला कळणारसुद्धा नाही."

कंपनीत मी प्रोग्रामर, त्यामुळे बटण खरं तर माझ्या हातात होतं. सर्व्हरवर एक ओळ बदलली असती की काम झालं असतं. मी ताईकडे पाहिलं. तिला ते हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. भाताचा घास तसाच हातात होता.

"नाही वैशाली," ती म्हणाली. "तिले कळणार नाही, तेच तर वाईट आहे. आत्ता तिचा एकट्या माझ्यावरून भरवसा उडाला. हे केलं तर तुझ्यावरून उडेल. मग ती खरंच कोणालेच सांगणार नाही."

"अन् तिला काही झालं तर?"

ताईने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "तू फोनकडे नको पाहू. तिच्याकडे पाहा. पाणी किती पिते, पायऱ्या चढताना कठडा धरते का, तेवढं पाहा." पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ताईने ताट सरकवलं. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. पोरीच्या जिवापुढे कसलं आलंय तत्त्व, असं मी तिला तोंडावर बोललो. ती चिडली नाही. "मलेही तसंच वाटून राहिलं," एवढंच म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. त्यानंतरचे काही दिवस फोन वाजला की तिचा रंग उतरायचा.

डबा पोचवणं तेव्हा नियमात बसत होतं. तिला गाडी येत नसल्यामुळे मी ड्रायव्हर. पहिल्या दिवशी ती डबा दारात ठेवून अन्वीच्या खिडकीसमोर, ड्राइव्हवेवर उभी राहिली. पडदा हललासुद्धा नाही. पुन्हा गेलो तेव्हा पडद्याआडून आवाज आला, "गो होम, मावशी." ताईने मान डोलावली आणि निमूट गाडीत येऊन बसली. त्यानंतर एकदा गेलो तर खिडकी उघडी होती. डास-माश्या अडवणारी जाळी मध्ये, जाळीमागे अन्वी, हुडी डोक्यावर ओढून.

ताईने काहीही तयारी केलेली नव्हती. "मी चुकली," ती म्हणाली. डब्याचं, धाकट्याच्या उपाशीपणाचं, चांगल्या हेतूचं नावही तिने काढलं नाही. "ते तुझं होतं. मी तुले न विचारता वाटून टाकलं."

अन्वी म्हणाली, "यू कान्ट टेक इट बॅक."

"नाही घेता येत."

मग ताई वळली आणि मला खूण केली, गाडीची काच वर घे. मी घेतली. ती जाळीजवळ गेली, मास्क नाकावर नीट केला आणि अन्वीशी बोलत राहिली. मला आवाज येत नव्हता, फक्त तिची पाठ दिसत होती आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेली तिची बोटं. बोलणं संपलं तेव्हा अन्वीने हुडी मागे सारली होती आणि जाळीवर आतून हात टेकला होता. परत येताना ताई म्हणाली, "माझी एक गोष्ट तिच्यापाशी ठेवून आली. इथं कोणालेच सांगितली नव्हती. कोणाले सांगायची ते आता तिनं ठरवावं." मी काय ते विचारलं नाही. सिग्नलला तिने माझ्याकडे पाहून म्हटलं, "पुणेकर असून विचारलं नाही. सुधारला बे तू."

पण बटणं बंदच राहिली. ग्रॅहमच्या कानावर हे गेलं होतं. शाळा सुरू व्हायच्या सुमारास एका थंड, पावसाळी दुपारी व्हिडिओ मीटिंगमध्ये त्याने तो विषय काढलाच. तो म्हणाला, विशाखा, समजा त्या मुलीचं काही बरंवाईट झालं, तर आपण काय उत्तर देणार? ती उत्तर देणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने वाचलं आणि मीटिंग तशीच सोडून ती माझ्या खोलीच्या दारात आली, मोजे ओल्या गवतात भिजलेले. "अन्वीले दुखून राहिलं. तिनं मले सांगितलं. माझ्यासाठी उघडलं तिनं." मी किल्ली घेतली. पण तिने आधी अन्वीला फोन लावला आणि विचारलं, "आईले तू सांगते, की मी सांगू?"

"आय विल," अन्वी म्हणाली. "यू स्टे ऑन द फोन."

आणि तिने सांगितलं. आम्ही दोघांनी फोनवरून ऐकलं. दार उघडल्याचा आवाज, मग "आई", मग वैशालीची धावपळ. हॉस्पिटलला ती वेळेत पोचली. लवकर आणलंत म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. डब्यांची पाळी याही वेळी लागली, पण ग्रुपवर फक्त एवढंच गेलं, नितीनभाऊंच्या घरी आठवडाभर डबा हवा आहे. कारण कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "भूक लागली त्यायले."

त्यानंतर ताईने ॲपमध्ये एकच वाक्य घातलं. मुलाने एखाद्यासाठी काही उघडलं की त्या माणसाला ते आधी दिसायचं. 'हे तुम्हाला सांगितलं आहे. पुढे कुणाला सांगण्याआधी, ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा.' कंपनीच्या वकिलाने विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? ती म्हणाली, कुठल्याच नाही, म्हणून तर लिहावं लागतं.

बॉर्डर उघडल्या आणि विशाखाताईने नागपूरला कायमचं परत जायचं ठरवलं. घर विकलं, मला दुसरी खोली शोधून दिली, आणि त्या नव्या घरमालकिणीला माझ्या पोळ्यांबद्दल अभिमानाने सांगितलं. तिला निरोप द्यायला ग्लेन वेव्हर्लीच्या एका पार्कात सगळे जमले. बार्बेक्यूवर कणसं, टेबलावर भाताचं मोठं पातेलं. ताई स्वतःच्याच निरोपाला स्वतः वाढत होती. जो तो तिला विचारत होता, एवढं चांगलं बस्तान, एकदम काहून चालली? नोकरी, म्हातारी आई, कुणाशी भांडण, लोकांनी सगळं करून पाहिलं. ती प्रत्येकाला "असंच" म्हणत होती. जाळीतून सांगितलेली ती गोष्ट आणि हे जाणं, यांचा काही संबंध असावा असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जाणून घ्यायचं होतं.

शेवटी एका काकूंनी अन्वीलाच गाठलं. "तुला नक्की माहीत असणार. तू तर तिची लाडकी. ताई का चालली गं?"

ताईचा डाव पातेल्यात तसाच राहिला. तिने अन्वीकडे पाहिलं नाही, भाताकडे पाहत राहिली. अन्वी आता उंच झाली होती.

"हो, मला माहितीये," अन्वी म्हणाली. मग थोडं अडखळत, मराठी जुळवत, "पण ते मावशीचं आहे. तिला विचारल्याशिवाय मी नाही सांगणार."

काकू काहीतरी पुटपुटल्या. ताई आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि बाहीने डोळे पुसत राहिली, बराच वेळ. अन्वी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने ताईच्या हातातला डाव घेतला आणि आम्हाला सगळ्यांना भात वाढायला सुरुवात केली.